फोईनं पाडलेलं नाव

आमच्या आळीत गुजराती बिऱ्हाड आलं तेव्हा त्यांची पहिली बदनामी मी केली. मुद्दाम नव्हे. मला वाचता येत होतं म्हणून.

हिर्डोशीहून लग्न होऊन मी भोरला आले ती मराठी चौथी पास होऊन. वडिलांनी हट्टानं शिकवलं होतं. आमचे हे संस्थानच्या कचेरीत कारकून. आळीतल्या बाकी बायकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे कुणाकडे पत्र आलं किंवा औषधाच्या बाटलीवर काही लिहिलेलं असलं की मला हाक यायची. याचा माझ्या डोक्यावर व्हायचा तो परिणाम झाला होता. रस्त्यानं चालताना जे दिसेल ते मी मोठ्यानं वाचत जायची, आणि नुसतं वाचून भागत नसे, त्याचा अर्थही सांगायची.

समोरच्या बंद घरात दुकान निघालं आणि ओट्यावर एक दिवस नवी पाटी लागली. रंगाऱ्यानं जागेचा अंदाज चुकवला होता. आधीची नावं बारीक, आणि शेवटचा शब्द उरलेल्या जागेत ऐसपैस: दोशी. मी तेवढाच वाचला. श च्या जागी ष हवा होता, हेही माझ्या लक्षात आलं, पण रंगारीच तो, मी त्याला माफ केलं.

नळावर बायकांनी विचारलं, काय लिवलंय गं? मी सांगितलं, दोषी असं लिहिलंय. म्हणजे गुन्हेगार. स्वतःच्या घरावर असं कोण कशाला लिहील, असा एकीला प्रश्न पडला. मला पडला नव्हता, पण उत्तर मात्र लगेच सुचलं. मी सांगितलं, इंग्रजी मुलखात काहीतरी करून आले असतील, संस्थानात राहायचं तर घरावर तसं लिहायचं असा हुकूम झाला असेल. नवरा कचेरीत असल्यामुळे माझ्या बोलण्याला वजन होतं. चार दिवस त्या दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. समोरून जाताना बायका पोरांना आतल्या अंगाला घ्यायच्या.

पाचव्या दिवशी ही बातमी कचेरीत पोचली आणि तिथून आमच्या ह्यांच्या पानावर आली. ते जेवताना हसायला लागले ते ताक होईपर्यंत हसत होते. अगं, ते आडनाव आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खणाचं कापड घ्यायला म्हणून गेले. शेठ पंचविशीतला माणूस, मराठी चांगलं बोलायचा. पाटीचं काय झालं ते त्याच्या कानावर आलेलं होतं. त्यानं रागानं नाही, पण सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. त्यांच्या जुन्या बोलीत दोशी म्हणजे कापड विकणारा. कोठारी म्हणजे कोठार सांभाळणारा, मेहता म्हणजे लिखापढी करणारा, सोनी म्हणजे सोनार. कुणी पूर्वी काय केलं ते आडनावात राहिलेलं असतं. “आमच्या सात पिढ्या कापडच विकतात, बेन. दुसरा काही गुन्हा नाही,” तो म्हणाला.

मी खणासाठी दुप्पट कापड घेतलं आणि घरी आले. माफी मागायला गेले होते, पण संध्याकाळपर्यंत नळावर मी गुजराती आडनावांची जाणकार झाले होते. आपल्यात गावाच्या नावाला कर लावतात, त्यांच्यात धंद्यावरून असतं, असं मी बायकांना समजावून देत होते. आदल्या आठवड्यात त्याच तोंडानं काय सांगितलं होतं याची कुणी आठवण करून दिली नाही, हा आळीचा चांगुलपणा.

शेठची बायको माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. काठेवाडातून थेट इथं आलेली, मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिला बोलायला कुणी हवं होतं आणि मला ऐकायला. दुपारी ती आमच्या पडवीत येऊन बसायची. मी तिला भाभी म्हणायची. ती मला बेन म्हणायची. माझं नाव तिला कळलं नसावं आणि तिनं स्वतःच एक ठेवलं असावं, असं मला महिनाभर वाटत होतं. मग कळलं की त्यांच्यात प्रत्येक बाईच्या नावापुढे बेन लागतं आणि पुरुषाच्या नावापुढे भाई, आपल्या बाई आणि राव सारखं. सगळा मुलूख एकमेकांचा भाऊ नाही तर बहीण. हे मला फार आवडलं. मात्र त्यातून जे व्हायचं ते झालंच.

एक दिवस भाभी घाबऱ्याघुबऱ्या आली. रात्रीपासून “तमारा भाई”ला खूप ताप आहे, असं तिनं खुणांनी आणि अर्ध्या शब्दांनी सांगितलं. माझा भाऊ हिर्डोशीला. हिला कसं कळलं? दुकानात कुणी तिकडचं माणूस आलं असेल आणि निरोप ठेवला असेल, असं मी ठरवलं. मला रडूच आलं. मी रडते म्हटल्यावर भाभीही रडायला लागली. माझी माया किती, असं तिला वाटलं असणार.

हिर्डोशीचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याला गाठून मी निरोप दिला की भावाच्या तापाचं काय ते कळवा. वरंधा घाटाच्या अंगाला तेव्हा मोटारी कुठल्या यायला. तो निरोप तीन तोंडांतून चालत गेला आणि घरी पोचला तेव्हा तापानं मीच पडले होते. तिसऱ्या दिवशी भाऊ कांबळं पांघरून, तुपाचं मडकं आणि काढ्याची मुळं घेऊन दारात उभा. मी नाचणीची भाकरी थापत होते. तो म्हणाला, “तू तर बरी दिसतीस.” मी म्हणाले, “तू बी.” मग आम्ही दोघंही समोरच्या ओट्यावर गेलो. तिथं शेठ कपाळाला सुंठ लावून बसला होता.

त्यांच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तर आमच्यासारखंच. पण दुसऱ्या बाईशी बोलताना ती त्याला “तुमचा भाऊ” म्हणते. शेठनं हे समजावून दिलं तेव्हा माझा खरा भाऊ खांबाला टेकून ऐकत होता. त्याचे पाय ठणकत होते. तो फक्त एवढंच म्हणाला की आता भाऊ कुठला ते सांगून निरोप देत जा. काढ्याची मुळं त्यानं शेठला दिली. त्यानं ताप उतरला.

त्यानंतर भाभी मला गुजराती अक्षरं शिकवायला लागली. अवघड नव्हती, आपल्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ पुसली की निम्मी ओळखू यायची. तिला आलेलं पत्र मी आधी चाळायची आणि मग तिला द्यायची. एकदा पत्राच्या शेवटी सही होती: कचराभाई. मी दोनदा वाचलं आणि इतकी हसले की डोळ्यांना पाणी आलं. कचरा! ही नावाची तऱ्हा झाली का?

भाभी हसली नाही. पत्र घडी करून मांडीवर ठेवत तिनं सांगितलं की तो तिचा मामा. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली होती. हा झाला तेव्हा त्याच्या आईनं त्याला उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलला. टाकलेली वस्तू आहे, हिच्यात यमाचं काही नाही, असं दिसावं म्हणून नाव कचरा.

माझं हसू तिथंच थांबलं. आमच्या हिर्डोशीत घरटी एक धोंडू नाही तर दगडू. माझ्या सख्ख्या भावाचं, जो माझ्या तापासाठी चालत आला होता, त्याचंही नाव तसलंच, आणि त्याच्या आधी गेलेली आमची दोन भावंडं मला कधी दिसलीच नाहीत. जन्मभर ती हाक मारत आले आणि ते नाव का, याचा मी कधी विचार केला नव्हता. जाणकार मी! मी भाभीला ते सांगितलं. त्या दुपारी आम्ही काही वाचलं नाही.

पुढल्या वर्षी भाभीला मुलगी झाली. त्यांच्यात मुलाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, तिला ते फोई म्हणतात. शेठची बहीण एकुलती एक, आणि तिचेच दिवस भरत आलेले, काठेवाडातून यायची सोय नव्हती. शेठ आमच्या दारात आला आणि म्हणाला की बेन, नाव पाडायला तुम्ही या.

मला राग आला. आपल्याकडे नाव पाडतात ते चिडवायला, लंगड्याचं, तिरळ्याचं. एवढ्याशा पोरीचं मी कशाला नाव पाडू? शेठनं कपाळाला हात लावला. त्यांच्या भाषेत नाव ठेवत नाहीत, पाडतात. आणि तुमच्या भाषेत, तो म्हणाला, नावं ठेवणं तरी कुठं चांगलं आहे? हे मला कबूल करावं लागलं. मग त्यानं सरळ सांगितलं, “इतके दिवस ती मला तुमचा भाऊ म्हणते. मग फोई तुम्हीच.”

भोरच्या जोशीबुवांनी कर्क रास काढून दिली होती. अक्षरं दोनच, ड आणि ह. ड वरून मला डमरूच्या पुढं काही सुचेना. ह वरून मी आदल्या दिवशी भाभीला नावं म्हणून दाखवली: हंसा, हेमा, हौसा. ती बाजेवर पोरीला घेऊन बसली होती. हंसाला तिनं मान डोलावली. मग तिनं एकदम दुकानाच्या दाराकडे बघितलं, नाकातल्या चमकीच्या खड्यावर बोट ठेवलं आणि हात जोरात हलवला. पुन्हा बोट खड्यावर, पुन्हा हात.

मी म्हणाले, नाक? तिनं मान हलवली. चमकी? नाही. खडा? ती घाईघाईनं हो म्हणाली. कसला खडा ते मला माहीत होतं, ती हिऱ्याची चमकी तिनं मला कौतुकानं दाखवलेली होती. मला सगळं उमगलं. तिला मुलीचं नाव हिरा हवं आहे, पण नवऱ्यासमोर बोलायची लाज वाटते, आणि हात हलवते म्हणजे हे तिच्या मनातलं आहे असं मी कुणाला सांगू नये. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि डोळ्यांनीच सांगितलं, काळजी करू नको. तिनं सुटकेचा श्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या चार मुलींनी लाल कापडाची चार टोकं धरली, त्यात पिंपळपान आणि पोर ठेवली आणि झुलवायला लागल्या. मी आपल्या रीतीनं वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं. सगळे वाट बघत राहिले. शेठ दारातून म्हणाला की मोठ्यानं सांगायचं असतं. मग मी मोठ्यानं सांगितलं. मोठ्यानं सांगण्यात माझा हातखंडाच होता. “हिरा!”

भाभीनं पदर पुढं ओढला आणि त्याच्या आत काय चाललं होतं ते दिसेना. शेठ दारातल्या दारात खाली बसला. मुली कापड झुलवायच्या थांबल्या.

शेठ मला बाहेर घेऊन गेला आणि पाटीकडे बोट दाखवलं. मी दोन वर्षं त्या पाटीखालून जात-येत होते. मोठा शब्द सोडून बाकीचं मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. आधी शेठचं नाव, आणि मधे, आपल्यात असतं तिथंच, बापाचं नाव: हीराचंद. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. त्या नावासारखा शब्दसुद्धा घेत नाही. भाभी आदल्या दिवशी मला एवढंच सांगत होती की काहीही ठेवा, फक्त हे नको. आणि ते सांगायला तिच्याकडे नाकातल्या खड्याशिवाय दुसरा शब्द नव्हता.

मी नाव बदला म्हणाले. शेठ म्हणाला, फोईनं पाडलं ते पाडलं, ते फिरत नाही. आता आईला आपल्या पोरीला हाक मारता यायची नाही, आणि आळी मात्र आजोबांच्या नावानं पोरीला दटावणार. गावी कळवताना त्यानं हंसा असं लिहिलं. मी आठ दिवस समोर गेले नाही. मग भाभीच पोर घेऊन आली, माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, “तमारी भत्रीजी.” तुमची भाची. ती माझ्याशी बोलताना पोरीला तेच म्हणायची. घरात बेबी.

दीड वर्षानं शेठचे म्हातारे वडील नात बघायला आले. मोठी पगडी, पांढऱ्या मिशा, हातात माळ. ते येण्याआधी मी आळीत घरोघर जाऊन बजावलं की पोरीला बेबी म्हणायचं, दुसरं नाव तोंडातून काढायचं नाही. बायकांनी ते कसोशीनं पाळलं. आठ दिवस आमच्या आळीत सगळं बेबी, बेबी. कडेवरची शेंबडी पोरंसुद्धा चुकली नाहीत.

नवव्या दिवशी आठवड्याचा बाजार. भाभी धावत आली, पोर घरात नाही. ओट्यावर नाही, न्हाणीत नाही. ती नुकतीच पळायला शिकली होती आणि आळीच्या टोकाला नीरेकडे जाणारी वाट. भाभी नदीकडे पळाली, मी बाजाराकडे. तांदळाच्या पोत्यांमधून, बांगडीवाल्यांमधून मी ओरडत गेले. “हिरे! ए हिरे! कुठं मेलीस गं? हिरे!”

मडक्यांच्या ढिगापाशी एक पगडी वळली. म्हातारे उभे होते आणि पोर त्यांच्या खांद्यावर बसून बत्तासा चोखत होती. घरी न सांगता तिला बाजार दाखवायला घेऊन आले होते.

“मने बोलाव्यो?” त्यांनी विचारलं. मला हाक मारली?

मला खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. “न्हाई जी. हिला.”

त्यांनी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हंसा नाही का, विचारलं. मी मान हलवली. नाव कुणी पाडलं? मी म्हणाले, “म्या.” मग पाया पडले. भर बाजारात मडक्यांपाशी. ते पोरीला घेऊन घराकडे चालायला लागले आणि मी मागून.

ओट्यावर त्यांनी शेठला समोर उभं केलं. भाभी नदीवरून परत येऊन दाराआड लाज काढून, म्हणजे त्यांच्या रीतीनं तोंडावर पदर ओढून, उभी. म्हातारे बोलत होते ते मला अर्धं कळलं, अर्धं शेठनं खाली मान घालून सांगितलं. ते म्हणत होते, “मला या नावानं माझी आई ओरडायची, आणि फोई. त्या गेल्या त्याला किती वर्षं झाली. आता सगळे शेठ म्हणतात, बापा म्हणतात. आज पुन्हा कुणीतरी कुठं मेलास म्हणून ओरडलं.”

मला कळेना, ही तक्रार आहे की काय. ते माझ्याकडे वळले. “बेटी, पुन्हा हाक मार.”

माझं तोंड उघडेना. ज्या तोंडाला कधी कुणाला कुलूप घालता आलं नव्हतं, ते सांगूनही चालेना. मी पदराचं टोक चावत उभी राहिले. शेवटी पोरच बत्तासा संपल्यामुळे ओरडली आणि म्हातारे हसले.

सुनेला त्यांनी सांगितलं की तूही घे नाव, माझी मोकळीक आहे. दाराआडून तिनं नाही अशी मान हलवली. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. पण लपवायचं संपलं. त्यानंतर ते भोरला होते तोवर आळीतल्या बायका पुन्हा “हिरे, चिखलात बसू नको”, “हिरे, शेंबूड पूस” म्हणून ओरडायला लागल्या, आणि म्हातारे ओट्यावर माळ ओढत, मान खाली घालून ऐकत बसायचे.

पुण्याला जायच्या मोटारीत बसण्याआधी त्यांनी मला बोलावलं आणि फोईचा आहेर म्हणून लाल बांधणीची साडी पुढं केली. इतकी भारी साडी माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती. मी संकोचून मागं सरले आणि म्हणाले, “छे छे, छे छे.” त्यांच्या भाषेत छे म्हणजे आहे. त्यांना वाटलं मी हो हो म्हणते आहे. ते खूश झाले, साडी माझ्या हातात ठेवली, डोक्यावर हात ठेवला आणि मोटारीत जाऊन बसले.

मी ती साडी संक्रांतीला नेसले आणि गरज नसताना तीनदा आळीच्या टोकापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी ती धुवायला काढली. बांधणी पहिल्यांदा वेगळी भिजवायची असते हे मला भाभीनं सांगितलं होतं, पण तेव्हा मी बोलत होते. आमच्या ह्यांचं कचेरीचं धोतर तिच्याबरोबरच घंगाळात होतं. दुसरं धोतर दांडीवर ओलं. त्या दिवशी ते गुलाबी धोतर नेसून कचेरीत गेले.

तिथं सगळ्यांनी विचारलं, काय हो, हा रंग कुठला? आमचे हे कागदावरून डोकं वर न काढता म्हणाले, सासरचा आहेर आहे. आमचे सासरे काठेवाडात असतात.